उपासना आणि टिकाव-खोरे

बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, एक रोखठोक नियम आहे. वाळवंटातून निघालेल्या इस्राएली लोकांना मोशे सांगतो की, शौचाला छावणीबाहेर जायचे, हत्यारांसोबत खणायचे एक अवजार बाळगायचे, खड्डा करायचा आणि घाण मातीने बुजवायची. कारणही तिथेच दिले आहे. देव छावणीतून फिरतो, त्याच्या नजरेला ओंगळ काही पडू नये. रविवारच्या प्रवचनासाठी हा भाग सहसा कोणी निवडत नाही. व्यासपीठावरून बोलायला तो अवघडच. पण गटार, कचरा, उघड्यावरची घाण या गोष्टी श्रद्धेच्या कक्षेत येतात की नाहीत, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याचे उत्तर त्या दोन-तीन ओळींत मिळून जाते.

महाराष्ट्राला हे नवलाचे वाटू नये. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची, हा गाडगेबाबांचा परिपाठ होता. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाचे कर्ते आर. आर. पाटील तर सांगली जिल्ह्यातलेच, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. झाडू आणि भक्ती एकत्र नांदू शकतात, हे इथल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. मग ख्रिस्ती मंडळींनी हातात खोरे घेतले तर त्यात वेगळे काय? वेगळे आहे ते त्यामागचे शास्त्र, आणि दुष्काळी महाराष्ट्रात त्याला मिळालेले वळण.

हे वळण समजायला जतसारखा तालुका डोळ्यांसमोर असलेला बरा. डफळ्यांच्या संस्थानाचा हा मुलूख १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. त्याच जिल्ह्याचे १९६० मध्ये ‘सांगली’ झाले. क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका, आणि पावसाने सर्वांत गरिबांपैकी एक. मोसमी वारे सह्याद्रीवर रिते होऊन इथवर येतात, त्यामुळे सगळी भिस्त परतीच्या पावसावर. तो आला तर शाळू, नाही आला तर टँकर. म्हैसाळ योजनेचे पाणी पोचले त्या शिवारात द्राक्षे आणि डाळिंबे दिसतात. पूर्व भागाचे वाट पाहणे मात्र लांबले. पाणी देता येत नसेल तर कर्नाटकात जाऊ द्या, अशी भाषा सीमेलगतच्या गावांनी केली होती आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावरून दोन राज्यांत चांगलीच जुंपली.

अशा ठिकाणी पर्यावरण म्हणजे वाघ आणि जंगल नव्हे. ओढ्यात अडकलेल्या कॅरीबॅगा, त्या खाऊन दगावणारे जनावर, हातपंपाशेजारी साचलेले शेवाळलेले डबके, गाळाने भरलेली गावविहीर, हे इथले पर्यावरण. आणि ते राखायला समुद्रकिनाऱ्यावर हातमोजे घालून बाटल्या वेचण्याचा शहरी नमुना फारसा कामाचा नाही.

ख्रिस्ती धर्माकडे या बाबतीत बोटही दाखवले गेले आहे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेला लेख आजही या चर्चेत पुन्हा पुन्हा निघतो. देवाने माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या कल्पनेने पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला निसर्ग ओरबाडायचा परवानाच दिला, असा त्याचा आरोप होता. त्याच लेखात त्याने पर्यायही सुचवला होता तो ख्रिस्ती परंपरेतलाच: पशुपक्ष्यांना भावंडे मानणारा असिसीचा संत फ्रान्सिस. पुढे १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

आरोपात तथ्य होतेच. पण बायबल पहिल्या अध्यायाशी थांबत नाही. दुसऱ्याच अध्यायात आदामाला बाग मिळते ती कसायला आणि राखायला; म्हणजे त्याचे नाते मालकाचे कमी, राखणदाराचे जास्त. लेवीय पुस्तकात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यायची आज्ञा आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात तर युद्धाचा नियम आहे: शहराला वेढा पडला असला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही. जिरायती शेतकऱ्याला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. बांधावरचे झाड आणि पडीक रान या गोष्टी त्याच्या रोजच्या व्यवहारातल्या आहेत.

जुन्या वचनांना आजच्या भाषेत आणले ते पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने. जून २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हवामानबदल, पाणी, जैवविविधता, कचरा असा सगळा पसारा त्यात आहे; पण सामान्य वाचकाच्या नजरेत भरते ते वेगळेच. प्लास्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, झाडे लावणे, नको तो दिवा मालवणे, इतक्या बारीकसारीक गोष्टींची यादी जगभरच्या कॅथलिकांच्या धर्मगुरूने गंभीरपणे दिली आहे. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ पासून मानला होता. २०१५ मध्ये कॅथलिकांनीही तो स्वीकारला. आता १ सप्टेंबर ते संत फ्रान्सिसचा सण, म्हणजे ४ ऑक्टोबर, हा काळ अनेक पंथांची चर्चेस ‘सृष्टीचा काळ’ म्हणून पाळतात. मुंबईच्या आर्चडायोसीझने तर पर्यावरणासाठी स्वतंत्र कार्यालयच काढले.

हे सगळे ठीक. पण मराठी मुलखात काही माणसांनी ही वाट रोमहून पत्रक येण्याच्या कितीतरी आधी धरली होती, आणि तीही जतसारख्याच उन्हाच्या मुलखात.

रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे, शिक्षक आई-वडिलांचे चिरंजीव. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना मेबल यांची गाठ पडली. खेड्यातल्या गरिबांमध्येच काम करायचे असे दोघांनी ठरवले, १९६० मध्ये लग्न केले आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येई. औषधाने अतिसार थांबे. अतिसार देणारे पाणी मात्र गावात तसेच. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला बस्तान मांडले. पर्जन्यछायेतला, कायमचा दुष्काळी तालुका. दवाखाना सुरू झाला तो जनावरांच्या जुन्या, पडीक दवाखान्याच्या इमारतीत.

गावकऱ्यांना काय हवे, असे विचारल्यावर आरोग्य हे उत्तर आलेच नाही. अन्न आणि पाणी, हेच. म्हणून डॉक्टरांनी आधी ते हातात घेतले. विंधनविहिरी खणल्या, हातपंप बसवले. इथे आरोळ्यांनी केलेली एक गोष्ट जामखेडच्या साऱ्या कथेत सर्वांत बोलकी आहे. पाण्याच्या जागा शोधताना त्यांनी दलित वस्तीतल्या जागा धरायचा आग्रह ठेवला. हातपंप तिथेच बसला. मग गावातल्या इतरांना पाणी हवे तर त्या वस्तीत यावे लागे. अस्पृश्यतेवर एकही व्याख्यान न देता केलेली ही युक्ती. कळशी घेऊन रांगेत उभे राहिले की जात काही काळ तरी रांगेबाहेर राहते.

पाण्यामागोमाग सांडपाणी आले. घराच्या मोरीचे पाणी पूर्वी दारातून वाहत गल्लीत जायचे, तिथे डुकरे लोळायची, डास व्हायचे, आणि तीच माती पोरांच्या हातातून तोंडात जायची. यावर उपाय म्हणजे शोषखड्डा. मोरीच्या बाहेर कंबरभर खोल खड्डा घ्यायचा. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग बारीक खडी, वर वाळू. तोंडाशी तळाला भोके पाडलेले जुने मडके बसवायचे आणि त्यात नारळाच्या शेंड्या किंवा काथ्या भरायचा, म्हणजे साबणाचा फेस आणि खरकटे वरच अडकते. पाणी जमिनीत जिरते. कडेला पपई किंवा केळ लावली तर तिचेही भागते. खर्च नाममात्र, काम घरच्या दोन माणसांचे. फक्त एक पथ्य: मडक्यातला काथ्या अधूनमधून काढून धुवायचा. हे पथ्य जिथे सुटते तिथे काही महिन्यांत खड्डा तुंबतो, पाणी पुन्हा गल्लीत येते आणि ‘सरकारी योजना अशाच असतात’ असे म्हणायला सगळे मोकळे होतात.

काथ्या धुवायची आठवण कोणी द्यायची? जामखेडचे उत्तर होते गावातलीच बाई. बहुतेक निरक्षर, अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. पुरुषांसाठी शेतकरी मंडळे निघाली. त्यांची सुरुवात गावोगावच्या तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळण्यापासून झाली, असे आरोळे सांगत. खेळानंतरच्या गप्पांतून बांधबंदिस्ती, वृक्षलागवड, बंधारे निघाले. प्रकल्पाच्या गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९० च्या दशकात तो आकडा तिसाच्या खाली आला. यात लसीकरण आणि बाळंतपणातली काळजी यांचा वाटा मोठा, पण स्वच्छ पाणी आणि कोरडी गल्ली यांचाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये.

आरोळे आपली ख्रिस्ती श्रद्धा लपवत नसत. पण प्रकल्पातले कार्यकर्ते सगळ्या जातिधर्मांचे होते, आणि शोषखड्ड्याला धर्म नसतो. हे इथे मुद्दाम सांगायला हवे. कारण ख्रिस्ती माणसाने समाजाचे काम काढले की ‘यामागे काय आहे?’ हा प्रश्न येतोच. त्यावर रागावून उपयोग नाही. उघड्यावर केलेले, सगळ्यांच्या सोबतीने केलेले आणि हिशेब चावडीवर ठेवलेले काम हेच त्याला उत्तर.

त्याच नगर जिल्ह्यात दुसरे एक गृहस्थ माती-पाण्याच्या मागे लागले होते. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे येशूसंघी. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि पुढची साठेक वर्षे इथेच राहिले. साठच्या दशकात त्यांनी नगरला सोशल सेंटर उभे केले. विहिरी खोदून दिल्या, पण एक विहीर दुसरीचे पाणी ओढते आणि डोंगर उघडा राहिला तर दोन्ही आटतात, हे कळायला वेळ लागला नाही. म्हणून काम विहिरीवरून उचलून डोंगरमाथ्यावर नेले. माथा ते पायथा: आधी वर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यात बंधारा. भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम याच प्रयत्नांतून उभा राहिला आणि १९९३ मध्ये बाखर यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला.

संगमनेर तालुक्यातली दरेवाडी हे या कामाचे नाव घेतले जाणारे गाव. १९९६ पासून तिथे काम झाले. उन्हाळ्यात टँकर, उघडे डोंगर, कामासाठी बाहेर जाणारी माणसे. अटी मात्र कडक: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. चराईबंदीवरून गावात वाद झाले. ज्याचे पोट शेळ्या-मेंढ्यांवर, त्याला ‘डोंगर बंद’ हे ऐकणे सोपे नव्हते. तडजोडी झाल्या, डोंगर टप्प्याटप्प्याने बंद केला गेला. जतच्या लोकांना हा वाद आपलाच वाटेल. माडग्याळची मेंढी ही त्यांच्या तालुक्याची ओळख, आणि मेंढपाळाला बाजूला ठेवून इथे कुठलीही हिरवाई टिकणार नाही. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्यांनी, ख्रिस्ती असोत की आणखी कोणी, पहिल्यांदा त्याच्याशी बोलायला हवे. बाखर २०२१ मध्ये मायदेशी वारले, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास.

तिसरे उदाहरण पाणीदार मुलखातले, म्हणून थोडक्यात. वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जमिनी बिल्डरांना खुल्या होऊ लागल्या आणि विहिरींतले पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या या धर्मगुरूंनी मोर्चे काढले, धमक्या झेलल्या. सगळी वसई त्यांना राखता आली नाही, हे आज तिथून चक्कर मारणाऱ्या कोणालाही दिसते. पण जे हिरवे उरले आहे त्यात त्या लढ्याचा हात आहे. वसईच्या वाड्यांतली बावखले, म्हणजे पावसाचे गोडे पाणी धरून आजूबाजूच्या विहिरी भरणारी छोटी तळी, बरीच भरावाखाली गेली; अलीकडे तिथली तरुण मंडळी उरलेल्या बावखलांतला कचरा आणि गाळ उपसायला पाण्यात उतरतात.

जामखेड, दरेवाडी, वसई. तिन्ही ठिकाणी प्रेरणा चर्चच्या आतली आणि काम चर्चच्या बाहेरचे. ही वाटही मराठी ख्रिस्ती समाजात जुनी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. कुंपणाच्या आत मावत नाही अशी श्रद्धा त्यांना हवी होती. सांगली-मिरजेला तर रोजच्या बोलण्यातच याची खूण आहे: १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारणाऱ्या डॉक्टर वानलेसांच्या नावाची वानलेसवाडी. बसच्या कंडक्टरला थांबा सांगताना कोणी धर्माचा विचार करत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे १० लाख ८० हजार, शंभरात एकही पुरती भरत नाही. जतसारख्या तालुक्यात मंडळी आणखी छोटी. मग एवढ्याशा माणसांनी काय करावे? निदान काय करू नये ते सांगता येते. नाताळच्या आदल्या आठवड्यात एक दिवस टी-शर्ट छापून, नवे झाडू घेऊन बसस्टँड झाडायचे, फोटो काढायचे आणि त्याच संध्याकाळी प्रीतिभोजनाला थर्माकोलच्या ताटल्या मांडायच्या, हे करू नये. राज्यात या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, हे तरी लक्षात ठेवावे. झाडलेली जागा पंधरा दिवसांनी कशी आहे, हे पाहायला पुन्हा जो जातो त्याचेच काम खरे. बाकीचा कार्यक्रम.

करण्याजोगे बरेच आहे आणि त्याला निधीपेक्षा चिकाटी जास्त लागते. मंडळीची स्टीलची ताटे-वाट्या एकदा वर्गणीतून घेतली की लग्न, बारसे, नाताळ, सगळ्याला चालतात. शेजारच्या गणेशमंडळालाही देता येतात. चर्चच्या पत्र्यावरचे पाणी पन्हळीने उतरवून बोअरच्या कडेला जिरवता येते. दफनभूमीच्या कुंपणाला कडुनिंब, करंज लावता येतात. ही झाडे कमी पाण्यात तगतात. महिला मंडळाने आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मोरीला शोषखड्डा घेतला, आणि शब्बाथ शाळेच्या पोरांनी महिन्यातून एकदा काथ्या तपासला, तर त्या गल्लीत पावसाळ्यात डबके राहणार नाही.

आणि गावविहीर. गाळ काढायचे काम एकट्या मंडळीने घेऊ नये, ग्रामपंचायतीला आणि तरुण मंडळाला सोबत घ्यावे. खाली उतरणाऱ्यासाठी दोर, वर पाहणारी माणसे आणि आधी खाली कंदील सोडून हवा तपासणे, एवढी काळजी सोडू नये. कंदील विझला तर कोणी उतरू नये. निघालेला गाळ जवळच्या शेतात पसरावा, तो खतासारखा लागतो. जतच्या रानात विहिरीचा तळ दिसतो तो एप्रिल-मेमध्ये. ज्या मंडळींना ‘सृष्टीचा काळ’ सप्टेंबरात पाळायचा असेल त्यांनी तो जरूर पाळावा, पण विहिरीच्या कामाची बैठक इस्टरच्या आठवड्यातच बोलवावी. जूनचा पहिला पाऊस पडला की ते काम पुढच्या वर्षावर जाते.